दोन माणसांनी उचलायचा कॅमेऱ्याचा स्टँड

आमच्या गॅलरीत कॅमेऱ्याचा एक स्टँड आहे. तो दोन माणसांनी उचलावा लागतो. सध्या त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे. मागच्या उन्हाळ्यात वादळ आलं, समोरच्यांचा पत्रा उडून आमच्या अंगणात आला, पण कुंडी हलली नाही. नवीन माणूस घरी आला की विचारतो, काकू, हा स्टँड कसला? मी सांगते, कॅमेऱ्याचा. मग तो तुळशीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आम्ही तेव्हा टाउनशिपमध्ये राहायचो, गोविंदपुऱ्याच्या पलीकडे. यांची नोकरी सरकारी कारखान्यात, मोठाल्या ट्रान्सफॉर्मरच्या कामावर. मी वर्ध्याकडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्न होऊन भोपाळला आले, क्वार्टर मिळालं, मुलगी झाली, आणि ती पालथी पडायला लागली त्याच सुमारास यांना साइटवर पाठवलं. राजस्थानात, जैसलमेरच्याही पुढे, वाळवंटात एक वीज उपकेंद्र उभं करायचं होतं. दोन हिवाळे हे तिकडे होते. परत आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, वाळवंट कसं असतं हो? हे म्हणाले, "रात्री आकाश असं असतं की मान दुखते."

एवढंच. पुढची तीस वर्षं कोणीही विचारलं तरी तेवढंच. मुलीला शाळेत 'माझ्या वडिलांचा प्रवास' यावर निबंध होता. तिने यांना विचारून लिहिला. बाईंनी लाल शाईने खाली शेरा मारला, विस्तार करा. मुलगी वही घेऊन यांच्याकडे गेली. यांनी विस्तार केला नाही. पण ते वाक्य बोलताना हे दर वेळी हात मानेमागे न्यायचे आणि थोडा वेळ तिथेच ठेवायचे. ते मी बघायचे.

आमच्या टाउनशिपला आकाश नव्हतं. म्हणजे होतं, पण वापरात नव्हतं. रस्त्यावर पिवळे दिवे, मैदानात दिवे, पाण्याच्या टाकीवर दिवा, कारखान्याच्या बाजूला तर दिवाळीच. वर बघितलं की दूध कमी पडलेल्या चहाचा रंग. कोणाची तक्रार नव्हती. विजेवर पोट असलेली माणसं उजेडाबद्दल तक्रार करत नाहीत.

मग यांच्या निवृत्तीला थोडा काळ राहिला होता तेव्हा, थंडीत, एका संध्याकाळी सगळ्या टाउनशिपची वीज गेली. आमच्याकडे वीज गेली की लोक आधी हसायचे, मग बाहेर यायचे आणि कोणाच्या विभागाची चूक असेल यावर चर्चा करायचे. तशी चर्चा सुरू होती. तेवढ्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, वर बघा!" वर तारे आले होते. बरेच. सगळ्यांच्या माना वर. हेही बघत होते. बराच वेळ बघितल्यावर हळूच मला म्हणाले, "ढग आहेत का गं?"

ढग नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. त्याआधी हे दोनदा शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आपटले होते, पण दोन्ही वेळा यांनी स्कूटर चुकीच्या जागी लावल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला. एक गोल, कडेने काळा, मध्ये पांढरा. पांढरं ते दिसतं, काळं ते गेलं. म्हणाले, "जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंब टाकून सांभाळायचं. अंधारात फार भरवसा ठेवू नका." मी विचारलं, उरलेलं किती दिवस राहील? ते म्हणाले, थेंब नेमाने टाका. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

रिक्षात हे म्हणाले, "घसारा आहे. होणारच." आणि एम. पी. नगरला थांबून समोसे घेतले.

मी मात्र त्या पांढऱ्या गोलाचा विचार करत होते. अंधारातले बारीक तारे यांना आता कधी दिसणार नव्हते, वाळवंटात नेलं तरी. पण उजेडात धरलेला, मोठा केलेला फोटो मधल्या पांढऱ्यातून दिसला असता. पांढरं शिल्लक होतं तोवर. म्हणजे ते आकाश इकडे आणायला हवं होतं, आणि लवकर.

यांना तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, कशाला. मी म्हणाले, "मला फोटोग्राफी शिकायची आहे."

"का?"

"आवड."

यांनी मान डोलावली. मी यापूर्वी आवड म्हणून विणकाम, टायपिंग, होमिओपॅथी आणि थोडी हार्मोनियम शिकले होते. शंका यायचं कारण नव्हतं.

मुलीने नवीन कॅमेरा घेतला होता, तिचा जुना डिजिटल मला मिळाला. चांगला होता, भिंग बदलता येणारा. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. पहिल्या पानावर कॅमेरा पाण्यात बुडवू नये असं लिहिलं होतं, ते समजलं. पुढचं डिक्शनरी घेऊन हळूहळू समजलं. ताऱ्यांचा फोटो काढायचा तर भिंगाचं तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, कॅमेरा जराही हलू द्यायचा नाही, आणि तारा टिंबासारखा दिसेपर्यंत हाताने फोकस करायचा. तारा टिंबासारखा दिसण्याच्या सरावासाठी टाउनशिपमध्ये तारा नव्हता. म्हणून मी यांची काळी छत्री उघडून खोलीच्या एका टोकाला ठेवली, ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर खसखस टाकली. पडदे लावले. दुसऱ्या टोकाला कॅमेरा.

हे कामावरून आले. दारात उभे राहून बघितलं.

"अनारसे आहेत का आज?"

"नाही. तारे आहेत."

"मग छत्री वाळल्यावर झटकून ठेव," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

खऱ्या आकाशावरही हात बसवायला हवा होता. आमच्या गच्चीवर समोरच्या खांबाचा दिवा सरळ डोळ्यात यायचा. मी वीज दुरुस्तीच्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, हमारे सामनेवाली लाइट बंद कर दीजिए.

"बंद हो गई है? नोट कर लेता हूँ."

"नहीं, चालू है."

"चालू है?"

"हाँ."

"तो फिर शिकायत क्या है, मैडम?"

"यही."

मग त्यांनी यांचं नाव आणि विभाग विचारला, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी यांच्या विभागात यांच्याआधी पोचली. यांना चहाच्या वेळी चार जणांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? दिवा बंद झाला नाही. उलट दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माणूस आला आणि नवीन, जास्त उजेडाचा बसवून गेला.

आता स्टँड. मी आधी न्यू मार्केटमधून एक हलका तीन पायांचा स्टँड आणला होता. त्यावर कॅमेरा ठेवला आणि पंखा लावला की तो लटपटायचा. हे वर्तमानपत्र वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "हा स्टँड आहे की छत्रीच्या काड्या? राहू दे. मी करवून देतो."

मी हो म्हणाले. मला माहीत असायला हवं होतं की यांच्या हातून आयुष्यात लहान वस्तू झालेली नाही.

यांचे एक मित्र होते, नागपूरचे, आधीच निवृत्त झालेले. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांनी औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप टाकलं होतं. दोघं आमच्या बैठकीत बसायचे आणि मी चहा न्यायचे. एकदा चहा ठेवताना ऐकलं.

"कॅमेरा किती किलोचा?" भाऊजी.

"एक."

"पाच धरू."

"वाळवंटात वारा असतो," हे म्हणाले.

"मग दहा धरू."

मी म्हटलं, "भाऊजी, कॅमेरा एकच किलोचा आहे."

"वहिनी, आज एक आहे. उद्या तुम्ही मोठा घेतला तर?"

दोघांनी ड्रॉइंग काढलं, तपासलं, दुरुस्त केलं, पुन्हा तपासलं. महिनाभराने एक लोडिंग ऑटो दारात आला. आत स्टँड होता. लोखंडी पाइपचे तीन पाय, पायांच्या टोकाला लेव्हल करायला जाडजूड बोल्ट, राखाडी रंगाचे दोन हात, आणि वर एक कडी.

"ही कडी कशाला?" मी विचारलं.

"उचलायला," भाऊजी म्हणाले. "क्रेनने उचलायचा झाला तर."

खरं सांगते, त्याच्यावर कॅमेरा ठेवला आणि मी पाइपला लाटणं मारून बघितलं. कॅमेऱ्याला कळलंसुद्धा नाही. भाऊजींनी समाधानाने दुसरा चहा घेतला.

त्या हिवाळ्यात आम्ही रजा घेऊन निघालो. मी म्हटलं, फोटो काढायला वाळवंटच हवं, आणि तिथली जागा तुम्हालाच माहीत. हे खूष झाले, पण दाखवलं नाही. फक्त निघायच्या आधल्या दिवशीच बूट पॉलिश करून ठेवले. स्टँड तीन तुकड्यांत सुटायचा. तरी गाडीत आमच्या बर्थखाली मावला नाही, जायच्यायायच्या वाटेत आडवा ठेवावा लागला. तिकीट तपासणारे आले, अडखळले.

"ये क्या है?"

"कैमरे का स्टैंड," मी म्हटलं.

"और कैमरा?"

मी पर्समधून काढून दाखवला. त्यांनी कॅमेरा बघितला, पाइप बघितले. "माताजी, जाना कहाँ है?" जैसलमेर म्हटल्यावर त्यांनी तिकीट परत दिलं. सरहद्दीकडे जाणाऱ्या सामानाला ते फार विचारत नसावेत.

जैसलमेरहून जीप केली. जीपवाला तिथलाच, पागोटं बांधलेला, फार न बोलणारा. हे त्याला वाट सांगत होते, आता उजवीकडे, आता पाण्याचं टाकं येईल. टाकं आलं नाही, चहाची टपरी आली. मग उपकेंद्र आलं. यांनी जीप थांबवली. उपकेंद्र तीनपट वाढलं होतं आणि संध्याकाळचे त्याचे दिवे लागत होते, एकामागून एक, मैदानभर. आजूबाजूला ढाबे, खांब, घरं. हे फाटकाशी उभं राहून बराच वेळ बघत होते. मी विचारलं, "इथेच मान दुखायची?"

"इथेच," हे म्हणाले. "पण आता नाही दुखणार."

खरंच होतं. वर आमच्या टाउनशिपसारखाच चहा झालेला होता. यांनीच लावलेल्या उजेडापासून लांब जाण्यासाठी आम्हाला आणखी तासभर जीप हाकावी लागली. हे वाटेत एकदाच म्हणाले, "त्या वेळी सगळे म्हणायचे, लाइट कधी येणार, लाइट कधी येणार."

शेवटी एका वाळूच्या टेकडीशी थांबलो. जीपवाला आणि मी मिळून स्टँड वर चढवला. हे मधला पाइप घेऊन मागून, माझ्या शालीचं टोक धरून. चंद्र उशिरा उगवणार होता. तो आला की तारे पुसट होणार, आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. म्हणजे मला मिळणार तो एवढाच अंधार. स्टँड जोडला. दिवे बंद केले. मी वर बघितलं.

आता इथे मी काहीतरी लिहायला हवं. मी पुष्कळ वेळा प्रयत्न केला आहे. शेवटी मीही मानेमागे हात नेला.

"काय दिसतंय?" यांनी विचारलं. हे घडीच्या खुर्चीत बसले होते, तोंड वर करून, शिस्तीत.

"मान दुखतेय," मी म्हटलं.

"सांगत होतो ना," हे म्हणाले.

मग मी कामाला लागले. छत्रीवर हात बसलेला होता, फोकस पटकन झाला. पहिला फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर मोठा करून बघितला. तारे टिंबासारखे नव्हते. प्रत्येकाला शेपूट. दुसरा काढला. पुन्हा शेपूट. पुन्हा फोकस केला, पुन्हा शेपूट. वारा नव्हता. मी श्वास धरून लांब उभी राहिले. जीपवाल्याला म्हटलं खोकू नका. तोही श्वास धरून उभा राहिला. शेपूटच.

"काय झालं?" हे म्हणाले.

"तारे घसरतायत."

"सगळे एकाच दिशेला?"

"हो."

हे उठले. अंधारात यांना काहीच दिसत नव्हतं, पण हात पुढे करून स्टँडपाशी आले, खाली गुडघ्यांवर बसले आणि एका पायावरून हात खाली खाली नेत गेले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. बोल्ट वाळूत पूर्ण गेलेले होते आणि पाइप त्यांच्यामागे निघाले होते. कॅमेऱ्यासकट सगळं हळूहळू, एका बाजूला कलत, राजस्थानात उतरत होतं.

"बसतोय," हे म्हणाले.

"कोण?"

"स्टँड. वजनाने." यांनी हातांची वाळू झटकली. "फाउंडेशनचा विचार आम्ही केलाच नाही."

"दोघांनीही? महिनाभर?"

"फाउंडेशन आमच्याकडे कधी नसतंच. यंत्र आम्ही द्यायचं, फाउंडेशन ग्राहकाने करून ठेवायचं."

"आणि ग्राहक कोण?"

यांनी विचार केला. "तू."

मला हसू आलं आणि रडूही, पण दोन्हीला वेळ नव्हता. पूर्वेकडे वाळूच्या कडेला किंचित उजळायला लागलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, ग्राहक तर ग्राहक. जीपमधून जेवणाची पिशवी आणली. आम्ही दोन ताटं घेऊन निघालो होतो, स्टीलची, लग्नातली, काठाची. वाळूवर उपडी घातली आणि जीपवाल्याने पाय उचलून एकेकाखाली सरकवली. तिसऱ्या पायाला ताट नव्हतं. दशम्यांच्या डब्याचं झाकण होतं. ते लावलं.

"झाकण कमी पडेल," हे म्हणाले. "व्यास लहान आहे."

"मग तुम्ही धरा."

आणि यांनी धरला. तिसऱ्या पायाशी वाळूत बसले, दोन्ही हातांनी पाइपला खालून आधार देऊन, पाय रोवून. तीस वर्षं ज्यांनी हाताखाली क्रेन वापरली ते. मी बटण दाबलं. "हलू नका." "नाही हलत." "बोलूही नका." हे बोलले नाहीत.

पडद्यावर बघितलं. टिंबं. खसखशीसारखी. अगणित, आणि मधून दुधाचा हात फिरवल्यासारखा पट्टा. एकच फोटो तसा आला. दुसरा काढला तोवर चंद्राची कड वर आली आणि यांच्या पायाला पेटका.

"आला?" यांनी विचारलं.

"आला."

"दाखव."

"इथे नाही. हा पडदा लहान आहे. घरी जाऊन मोठा करू, मग."

हे पायाला मालिश करायला लागले. "म्हणजे माझ्यासाठीच आहे तर."

"नाही," मी म्हटलं. "आवड."

"बरं," हे म्हणाले. मग आम्ही दशम्या खाल्ल्या. ताटं वाळूत होती, म्हणून हातावरच. जीपवाल्यालाही दिल्या. तो त्या रात्री पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, चटनी और है?

भोपाळला आल्यावर एम. पी. नगरात मोठे फोटो छापणाऱ्याकडे गेले. त्याने संगणकावर फोटो उघडला आणि म्हणाला, "मैडम, दाने बहुत आ गए हैं. साफ कर दूँ?" मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि छापून होईपर्यंत उठले नाही.

फोटो दाराएवढा रुंद झाला. भिंतीवर लावला, समोर ट्यूब लावली. यांनी चष्मा पुसला, थेंब टाकले, डोळे मिटून बसले, मग उठले. यांना आता एका वेळी थोडंथोडंच दिसायचं, पाइपमधून बघितल्यासारखं. म्हणून हे फोटो ड्रॉइंगसारखा वाचायला लागले, खालच्या उजव्या कोपऱ्यापासून. तिथे क्षितिजाशी पिवळ्या टिंबांची एक लहानशी ओळ होती. मला ती फोटोत नको होती, पण कलत्या स्टँडमुळे आली होती.

"हे आमचं उपकेंद्राचं यार्ड," हे म्हणाले.

मग वाळू. मग वर. मी चहा ठेवला, तो थंड झाला. हे एकेक वीत सरकत होते, नाक फोटोला लागेल इतके जवळ. मध्ये एकदा थांबून यांनी चष्मा पुन्हा पुसला. चष्मा स्वच्छ होता. अगदी वरच्या कडेपर्यंत गेले, आणि परत खाली आले, आणि पुन्हा वर. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कुकर घासला.

"अगं, ऐकलंस का?"

"काय?"

"चुकीच्या जागी लावलाय. वर घे."

भाऊजींना बोलावलं. त्यांनी आधी फोटो बघितला, मग विचारलं, वहिनी, स्टँड कसा चालला? मी म्हटलं, स्टँडला काही झालं नाही. ते खूष झाले. मग फोटो वर घेतला. हे म्हणाले, आणखी. आणखी घेतला. शेवटी तो बैठकीच्या दाराच्याही वर, थोडा पुढे झुकलेला, जवळजवळ छताला लागला. बघायचं तर खाली स्टुलावर चढून, मान पार मागे टाकूनच बघावं लागतं. स्टूल भाऊजींनी करून दिलं. त्याच्यावर हत्ती चढला तरी चालेल.

पुढे टाउनशिप सोडली, नेहरू नगरला आलो, तिथेही तो तसाच लावला. कागदावरचा पांढरा गोल दर तपासणीला जरा लहान होतो. हे रोज संध्याकाळी थेंब टाकतात, स्टुलावर चढतात, आणि मी खालून स्टूल धरते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बघताना फार मान दुखते. बामची बाटली मी दाराच्या चौकटीवरच ठेवली आहे.